‘ळ’ येतो का?

आमच्या अहिराणी बोलीत ‘ळ’ नाही. बाळाला आम्ही बाय म्हणतो, डोळ्याला डोया, काळ्याला काया. चोपडा तालुक्यात तापीकाठी माझ्या ताईच्या सासरी तीन पिढ्या केळी लावतात, पण त्या घरात ‘केळी’ हा शब्द फक्त बँकेच्या आणि पीकविम्याच्या कागदावर येतो. बोलताना ती केयी असते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दाजींनी पेपरातली बातमी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवली होती. समोर छापलेलं ‘केळी’ वाचतानाही त्यांच्या तोंडून केयीच आलं.

हे आधीच सांगते, कारण गेल्या वर्षी आम्ही भाचीसाठी कॉलेज शोधत होतो. नाट्यशास्त्राचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिला करायचा होता. त्या सगळ्या शोधात हे एक अक्षर माझ्या घशात अडकून बसलं होतं.

भाची वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. पण तीन वर्षांत तिचं मन कुठं होतं, ते आम्हाला दर हिवाळ्यात कळत होतं. आमच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा युवक महोत्सव म्हणजे ‘युवारंग’. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांची पोरं तिथं जमतात. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला मुलगा आणि जळगावच्या कॉलनीतली मुलगी एकाच रंगमंचाच्या विंगेत आपला नंबर लागायची वाट बघत उभी असतात. पहिल्या वर्षी भाची मूकनाट्यात होती. दुसऱ्या वर्षी प्रहसनात तिला चार वाक्यं मिळाली. तिसऱ्या वर्षी एकांकिकेत मुख्य भूमिका. मी ती एकांकिका बघायला रजा टाकून गेले होते. शेवटच्या प्रवेशात ती नुसती उभी राहून समोरच्याचं ऐकत होती आणि माझ्या शेजारी बसलेली अनोळखी बाई डोळे पुसत होती. बोलता तर पुष्कळांना येतं, पण रंगमंचावर उभं राहून खरोखर ऐकणं फार थोड्यांना जमतं. त्या दिवशी मला कळलं की ही पोर बी.एस्सी.नंतर बी.एड.ला जाणार नाही.

तिनं घरी सांगितलं तो दिवस चांगला नव्हता. मे महिन्यातल्या वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, नवती बागेतली, म्हणजे नव्या लागवडीची, केळीची निम्मी खोडं घडांसकट आडवी झाली होती. दाजी दिवसभर वावरात पंचनाम्याची वाट बघून आले होते. ते रागावले नाहीत. पाण्याचा तांब्या खाली ठेवून एवढंच म्हणाले, “नाटक करीसन पोट भरस का?”

हा प्रश्न मी कधीच हलका मानला नाही. ज्या माणसानं सकाळी आडवी झालेली खोडं मोजली, त्यानं संध्याकाळी पोटाचं विचारायचं नाही तर काय विचारायचं? भाचीकडे उत्तर नव्हतं. तिनं मला फोन लावला.

आता माझं सांगते. १९९८ साली मी धुळ्यात बी.ए. झाले. कॉलेजच्या एकांकिका केल्या होत्या, राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका हौशी मंडळात दोन वर्षं उभी राहिले होते. मोठ्या शहरातल्या एका नाट्य विभागाची जाहिरात पाहिली आणि रात्रीच्या एस.टी.नं एकटी गेले. आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. स्वगत मी पाठ केलं होतं, महिनाभर आरशासमोर म्हटलं होतं. तिसऱ्याच वाक्यात ‘डोळे’ होतं. मी ‘डोये’ म्हटलं. समोरच्या तिघांपैकी एकानं हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, “ळ येतो का?” मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच आलं. ते म्हणाले, “आधी भाषा शिकून या.” ते ओरडून बोलले नव्हते. पुढचं स्वगत कुणी ऐकलंच नाही. त्याच रात्री परत निघाले, डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. शाळा मला आवडते, माझी मुलं मला आवडतात. पण आजही ‘डोळे’ म्हणताना माझी जीभ आधी एक क्षण थांबते, मग टाळूकडे जाते.

भाचीला मी हे कधी सांगितलं नव्हतं. फोनवर तिला म्हटलं, “मी येते शनिवारी. आपण नीट बघू.”

पहिला प्रश्न कुठं जायचं हा. जाणकार माणसं आधी दिल्लीचं नाव काढतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचं, तिथून निघालेली माणसं आपण आयुष्यभर पाहत आलो. पण तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, आणि घरातून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या पोरीसाठी ती उडी मला तेव्हा फार लांबची वाटली. ते दार मी बंद केलं नाही, पुढं ढकललं. आज वाटतं, तो निर्णय मी तिच्यावरच सोडायला हवा होता.

मग उरली जवळची चार. पुण्याचं ललित कला केंद्र, विद्यापीठाच्या आवारातलं, १९८७ साली सुरू झालेलं. संगीत, नृत्य आणि नाटक तिन्ही एकाच छताखाली, गुरुकुलाच्या कल्पनेवर उभं केलेलं. नाटककार सतीश आळेकरांनी तिथं बरीच वर्षं धुरा सांभाळली. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी कलिना संकुलात आहे, २००३ साली दिग्दर्शक वामन केंद्रे यांच्या पुढाकारानं उभी राहिली. छत्रपती संभाजीनगरचा विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग आम्हाला सगळ्यांत जवळ. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढला की निम्मी वाट सरली. आणि चौथं बडोदा. बडोद्याचं नाव ऐकून ताई दचकली, गुजरातेत कशाला म्हणाली. मी तिला सांगितलं की सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली जी गायनशाळा काढली, तिच्यापासून तिथल्या प्रयोगकलांच्या विद्याशाखेची परंपरा सुरू होते. आणि सयाजीराव मूळचे कवळाण्याचे, मालेगाव तालुक्यातले. तो सगळा पट्टा अहिराणी बोलणारा. बारा वर्षांचा पोरगा तिथून उचलून गादीवर बसवला. लहानपणी त्यांच्याही तोंडी कवयानाच असणार, असं मला आपलं वाटतं.

नंदुरबारहून सुरतेची गाडी धरली की बडोदा पुण्यापेक्षा काही लांब नाही. पण आजूबाजूची भाषा गुजराती. भाचीनं स्वतःच ते नाव खोडलं. “मावशी, अजून मला माझ्याच भाषेचं भय वाटतं. तिसरी कुठं घेऊ?” म्हणाली. मी गप्प बसले.

या अभ्यासक्रमांची चौकट साधारण एकसारखीच असते. कुठल्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे वनस्पतीशास्त्राचीही. चार सत्रं, श्रेयांक, अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, भारतीय आणि पाश्चात्त्य रंगभूमीचा इतिहास. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एक वर्ष करून बाहेर पडलं तर पदव्युत्तर पदविका हातात येते, दोन वर्षं पूर्ण केली तर पदवी. पुढं शिकवायचं असेल तर ‘नेट’ या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत प्रयोगकलांचा विषय आहे. माहितीपत्रकं पाहिली तर सगळी सारखी दिसतात आणि त्यांवरून काहीच ठरवता येत नाही, हे आठवडाभरात माझ्या लक्षात आलं.

दोन वर्षं ऐकायला बरीच वाटतात. मी वहीत मांडून पाहिलं. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा, प्रवेश लांबल्यामुळे उशिरा सुरू होणारं पहिलं सत्र हे सगळं वजा केलं, तर हाताशी सोळा-सतरा महिने राहतात. शरीराला आणि आवाजाला एक सवय लागायलाच सहा महिने जातात. म्हणून मी ठरवलं, नाव किती मोठं ते बघायचं नाही; या सोळा महिन्यांत पोर किती वेळा आणि कशी रंगमंचावर उभी राहणार, ते बघायचं. त्यासाठी तिथं जाऊन तालीम बघण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

आम्ही दोघी तीन ठिकाणी गेलो. कुठं काय दिसलं ते मी नावानिशी लिहिणार नाही. एका दुपारच्या भेटीवरून विभागाला शिक्का मारणं बरोबर नाही, आणि हे विभाग माणसांवर चालतात. एक चांगला शिक्षक निवृत्त झाला की दोन वर्षांत सगळं चित्र पालटतं. कुणी दहा वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून सल्ला देत असेल तर तो प्रेमानं ऐकावा, पण तेवढ्यावर अर्ज भरू नये.

पहिल्या ठिकाणी सभागृह देखणं होतं. दिव्यांचा साठा असा की भाची मान वर करून बघतच राहिली. आमच्याकडे जळगावला बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, वर आभाळ असतं. तिथं वाढलेल्या डोळ्यांना ते छत म्हणजे अप्रूप. तिथल्या मुलांशी बोललो तेव्हा कळलं की वर्षाला एक मोठं नाटक होतं. पंचवीस मुलं, तीन मोठ्या भूमिका. बाकीची गर्दीत आणि विंगेत. विंगेतलं काम मी कमी मानत नाही, पण सोळा महिन्यांत दोनदा गर्दीत उभं राहून पोर काय घेऊन येणार? शिवाय पूर्णवेळ शिक्षक किती, हे विचारल्यावर उत्तर देणारी मुलगी जरा घुटमळली. बरेचसे तासिका तत्त्वावर येणारे. ते तळमळीनं शिकवतात, असं ती म्हणाली, पण तास संपला की त्यांना दुसऱ्या कॉलेजात पळावं लागतं. रात्री आठला तालमीत अडकलेल्या पोरीनं कुणाला विचारायचं?

दुसऱ्या ठिकाणी आम्हाला तालमीत बसू दिलं. त्या दुपारचं मला अजून आठवतं. शहरी घरातलं कौटुंबिक नाटक चालू होतं. मुख्य चौघं स्वच्छ, सुरेख मराठी बोलत होती. मध्येच घरकाम करणारी बाई आली, आणि ती एकदम ‘गावाकडचं’ बोलायला लागली. ती भाषा कुठल्याही गावाची नव्हती. थोडं साताऱ्याचं, थोडं वऱ्हाडातलं, बाकी सगळं ऐकीव. तालमीतली मुलं प्रत्येक वाक्याला हसत होती. मध्यंतरात मी त्या मुलीला विचारलं, तू कुठली? ती साक्री तालुक्यातली निघाली. घरी अहिराणी बोलणारी. तिला स्वतःची भाषा सोडून एक खोटी ग्रामीण भाषा शिकवली होती, कारण लोकांना तीच कळते. मी विचारलं, आतापर्यंत काय काय केलंस? मोलकरीण, म्हातारी, आणि एका नाटकात भाजीवाली.

परतीच्या गाडीत भाची म्हणाली, “पण मावशी, नाट्यशास्त्रातच तसं आहे ना?” तिनं वाचलं होतं. भरतमुनींनी कुणी कोणती भाषा बोलायची ते वाटून दिलेलं आहे, राजे आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात, बहुतेक स्त्रिया आणि दास प्राकृत. मी म्हटलं, हो, आहे. पण ज्या प्राकृताला तिथं दासाच्या तोंडी घातलं, त्याच प्राकृताच्या पोटातून तुझी-माझी मराठी आली आणि अहिराणीही आली. हे बोलताना माझा आवाज चढला होता. समोरच्या बाकावरचे काका वर बघायला लागले. त्याच प्रवासात, मनमाड सोडल्यावर, मी तिला १९९८ ची गोष्ट सांगितली. ती पाचोरा येईपर्यंत काही बोलली नाही.

इथं मला एक कबूल करायचं आहे. त्याआधीचे दोन महिने मी तिच्याकडून ‘ळ’ घोटून घेत होते. जीभ मागं वळव, टाळूला टेकव, आता सोड. तळं, मळा, कळी, सावळा, वेळ, केळी. रोज सकाळी फोनवर वीस मिनिटं. मला एवढंच वाटत होतं की हिला कुणी मध्येच थांबवू नये. तिला ‘ळ’ येऊ लागला होता, स्वच्छ यायला लागला होता. आणि तिनं निवड चाचणीसाठी जे स्वगत निवडलं होतं, ते अगदी बेतशीर, कुणाच्याही नजरेत न खुपणारं होतं. ती ते म्हणायची तेव्हा मला ती युवारंगातली पोर दिसायची नाही. सगळं लक्ष जिभेकडे.

पाचोऱ्यानंतर ती म्हणाली, “मी आजीचं करते.”

आजी म्हणजे दाजींच्या आई. वावधनाच्या दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत बागेत गेल्या होत्या आणि आडव्या खोडांमधून फिरत पुटपुटत होत्या, “ऱ्हायनं ते मोजू का गयं ते मोजू?” राहिलं ते मोजू की गेलं ते मोजू. भाचीनं ते ऐकलं होतं. तिनं त्यावर स्वगत लिहिलं, सहा मिनिटांचं, पूर्ण अहिराणीत. नवती आणि पिलबाग, मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या बागा, मजुरांचा रोज, कानबाई देवीला नवस बोललेले रोट, सगळं त्यात आलं. मी वाचलं आणि घाबरले. मास्तरीण म्हणून मला दिसत होतं की हे चांगलं आहे, आणि एकदा परत पाठवलेली मुलगी म्हणून मला ते पाकिटातून काढून घ्यावंसं वाटत होतं. मी काढून घेतलं नाही.

आमच्याकडे नाटक नाही असं बाहेरच्यांना वाटतं, आणि वाईट हे की आमच्या पोरांनाही वाटतं. श्रावणात कानबाईच्या रात्री बाया गातात, फेर धरतात. भादव्यात गुलाबाईपुढं मुली संवादाची गाणी म्हणतात. डफावर गायची ‘वही’ ही लोकगाणी आहेत. नंदुरबारच्या आदिवासी भागात सोंगाड्या पार्ट्या रात्रभर खेळ करतात. होळीला अक्कलकुव्याजवळ काठी या गावाला जाऊन बघा. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला दुधीभोपळे बांधून नवस फेडणारे बुध्या पहाटेपर्यंत नाचतात. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार भाचीला आता पुस्तकातून शिकायचे आहेत. त्यातले तीन तरी तिनं गल्लीत पाहिलेले आहेत. जो विभाग विद्यार्थ्याला विचारील की तू येताना काय घेऊन आलीस, तो मला हवा होता.

तिसऱ्या ठिकाणी चाचणी होती. मी बाहेर झाडाखाली बसले होते, आत काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. तिनं आजी केली. सहा मिनिटं कुणी थांबवलं नाही. मग समोरच्या बाईंनी विचारलं, ही कोणाची भाषा? ती म्हणाली, घरची. बाई म्हणाल्या, आता हेच प्रमाण मराठीत म्हण. तिनं म्हटलं, ‘ळ’सकट. बाईंनी ऐकून घेतलं आणि तिसरं काम दिलं: हीच आजी मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे आली आहे, डॉक्टर तिच्याशी प्रमाण मराठीत बोलतो आहे, आणि ती त्याच्यासारखं बोलायचा प्रयत्न करते आहे. कर.

भाचीनं हे प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. आजींना दवाखान्यात नेलं की त्या सावरून बसतात, पदर नीट करतात आणि जिथं नाही तिथंही ‘ळ’ घालतात. पाय दुखतो असं सांगायचं, तर ‘पाळ दुखतो’ म्हणतात. चूक होऊ नये म्हणून केलेली चूक. भाचीनं तेच केलं. पाळ दुखतो डॉक्टरसाहेब, म्हटलं, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. म्हणाली, मावशी, त्या क्षणी मला आजी दिसली नाही, तू दिसलीस, एस.टी.त बसलेली. मग तिला पुढचं वाक्य सुचेना. ती तशीच उभी राहिली आणि त्या तिघांचं गप्प बसणं ऐकत राहिली. बाई म्हणाल्या, “पुरे. बस, पाणी पी.”

आम्ही तिथंच राहून दुसऱ्या दिवशी बाकीचं सगळं विचारून घेतलं. प्रत्येक सत्रात छोटे छोटे प्रयोग होतात आणि प्रत्येकाला अभिनय, प्रकाश, नेपथ्य आळीपाळीनं करावं लागतं. सभागृह साधं आहे, तालमीच्या खोलीचा रंग उडालेला आहे. मुलींच्या वसतिगृहाचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त सतावत होता. तालीम रात्री दहा वाजेपर्यंत आणि फाटक त्याआधीच बंद, अशी बऱ्याच ठिकाणी अडचण असते. मग मुलींनाच तालीम अर्धी सोडून निघावं लागतं आणि हळूहळू मोठ्या भूमिका मुलग्यांच्या सोयीनं ठरतात. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. इथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं सांगितलं की तालमीची यादी विभागप्रमुखांच्या सहीनं वसतिगृहात जाते आणि मुली एकत्र परत येतात. मी तिच्याकडून दोनदा खात्री करून घेतली. कॉलेज शोधणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे कार्यालयात विचारू नका, तिथं राहणाऱ्या मुलींना विचारा.

पैशांचं थोडक्यात सांगते. विद्यापीठाच्या विभागाची फी खासगी अभिनय शाळांच्या मानानं बरीच कमी असते; खरा खर्च खोली, मेस आणि जाण्यायेण्याचा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाची अट, दोन वर्षं दरमहा पाच हजार रुपये. नाटकही त्यात येतं. मिळेलच असं नाही, पण अर्ज करायलाच हवा. आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याच्या निवास-भोजन भत्त्याच्या योजना आहेत. नंदुरबारकडच्या पोरांनी आदिवासी मुलांसाठीच्या स्वयंम योजनेची चौकशी केल्याशिवाय पैशापायी माघार घेऊ नये.

दाजींचं उत्तर अजून बाकी होतं. मी त्यांना तिसऱ्या ठिकाणी घेऊन गेले, एका विद्यार्थी प्रयोगाच्या दिवशी. मुद्दाम दुपारीच नेलं. मुलं-मुली फळ्या वाहत होती, शिडीवर चढून दिवे बांधत होती, एक मुलगी घामानं निथळत पडद्याची दोरी ओढत होती. दाजी बराच वेळ मागं उभे राहून बघत होते. मग एका फळीचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच उचललं. रात्री नाटक झालं, ते त्यांना पूर्ण कळलं की नाही ते मी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, “यामा मजुरी बी शे.” यात मजुरीही आहे. आणि घरी आल्यावर ताईला म्हणाले, पोरीचे कपडे काढून ठेव.

तिनं निवडलेल्या विभागाचं नाव मी इथं लिहीत नाही. दोन वर्षं तिला तिथं काढायची आहेत, तिथलं बरंवाईट सांगायचा हक्क तिचा. पहिले दोन महिने तिचे अवघड गेले. सकाळी सहाच्या व्यायामानं अंग धरायचं, इंग्रजी लेख वाचताना रडू यायचं. मग एकदा फोन आला की वेशभूषेच्या तासासाठी घरातल्या बाईचं रोजचं, वापरलेलं वस्त्र आणायला सांगितलंय. दुकानातलं नको, अंगावरचं हवं.

मी आजींकडे गेले. त्यांनी लोखंडी पेटी उघडली, वरची दोन चांगली लुगडी बाजूला सारली आणि खालचं काढलं, हिरवं, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेलं. ते डाग धुऊन कधीच जात नाहीत. त्यांनी ते मांडीवर घेऊन पुन्हा घडी घातली, एका टोकाला दंड घातलेला होता तो बोटानं चाचपून बघितला.

“लई जाय,” म्हणाल्या. “फाटनं ते फाटू दे. पन तिले सांग, धुईसन ठेवजो.”